तेंदूच्या पानाचा काठ

भिंतीपलीकडचा माग थांबला, तेव्हा मला वाटलं, धागा तुटला असेल. धागा तुटला की अक्का तो जोडायची आणि खटखट पुन्हा सुरू व्हायची. त्या दिवशी झाली नाही. थोड्या वेळानं तिची सून दारात आली. "काकी, आत्याबाई बोलंनात," एवढंच म्हणाली. मी मांडीवरचं विड्यांचं सूप खाली ठेवून धावले. अक्का मागावरच वाकलेली होती... तीन वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

अक्का माझी थोरली जाऊ. लग्न होऊन भिंगारला आले तेव्हा मी चौथी शिकलेली, बोलायला भित्री. मागावर धोटा कसा फेकायचा ते तिनंच शिकवलं. कुणी काही विचारलं की मी तिच्याकडे बघायची आणि ती माझ्यासाठी बोलायची. पुढे आमची लुगडी कुणी घेईना. माग बंद पडले आणि आम्ही दोघी विड्या वळू लागलो.

मग पुण्याहून डिझायनर ताई आल्या. म्हणाल्या, लुगडं नको, ओढणी विणा, पण काठ इथलाच हवा. आमचे जुने काठ ओढणीला जड दिसत होते. मी रोज तेंदूची पानं कातरत असे, त्यांच्या शिरा डोळ्यांत बसल्या होत्या. एका दुपारी मी त्या खडूनं फरशीवर काढल्या आणि मागावर वीतभर विणून पाहिल्या. अक्का बघत राहिली. "लई ग्वाड दिसतंय गं," म्हणाली. पुढच्या खेपेला ताईंनी नमुना पाहून, काठ कुणाचा ते न विचारता, विटकरी रंगावर फिका हिरवा सुचवला आणि काठ उठून आला. ओढण्या खपू लागल्या. गल्लीतल्या लोकांनी अडगळीतले माग काढून पुसले.

पुण्याच्या प्रदर्शनात एका बाईंनी विचारलं, "हा काठ किती जुना?" ताईंनी अक्काकडे पाहिलं. मीही पाहिलं, नेहमीसारखं. अक्का म्हणाली, "आमच्या सासूबाईंचा. त्यांनी मला शिकवला." बाई खूश झाल्या, ताईंनी लिहून घेतलं. पुढे प्रत्येक ओढणीच्या चिठ्ठीवर अक्काचा फोटो आणि तेच वाक्य आलं.

परतताना एसटीत मी कसंबसं म्हटलं, "अक्का, काठ तर मी काढला हुता."

"इडीच्या पानावरनं काढला म्हनलं असतं तर कुनी हात लावला असता का? जुनं म्हनलं की खपतं. अन् तू शेजारीच हुतीस की. मी तुझं तोंड धरलं हुतं व्हय?"

माझं तोंड उघडत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती खोटं बोलली ते मी सोसलं असतं. पण हे... दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा विड्या वळायला बसले.

दहाव्यानंतर ताई आल्या. "अक्कांवर चार ओळी लिहून द्या, पुस्तिकेत छापू. सासूबाईंचा काठ आता तुम्हीच जपायचा." मी लिहून दिलं, अक्का फार कष्टाळू होती, तिनं मला विणायला शिकवलं. ते खरंच आहे. बाकीचं या वहीत लिहिते आहे. खरं ठाऊक असलेलं दुसरं माणूस तीच होती, आणि ती गेली. आता मी बोलले तर मेलेल्या बाईला खोटं पाडल्यासारखं होईल.

आमच्यात जुना ताणा, म्हणजे उभे धागे, मागावरून पुरता काढत नाहीत. त्याची टोकं मागाच्या फणीत राहू देतात आणि बोटांना राख लावून नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना पिळून जोडतात. अक्काची शेवटची ओढणी त्या दिवशी पुरी होतच आली होती; ती कापून उतरवली, फणीत तिची टोकं तेवढी राहिली होती. मी राखेची वाटी घेऊन तिच्या मागावर बसले. दोन दिवसांत मधले सगळे धागे जोडून झाले. दोन्ही बाजूंचे काठाचे राहिलेत. पलीकडे तिची टोकं लोंबतायत, अलीकडे माझे धागे सुटे आहेत...

सून रोज विचारते, "काकी, माग कवा सुरू हुयाचा?"

काठाचं तेवढं राहिलंय, म्हणते.