कुर्गातला काटेरी उंदीर आणि माझी बोंब

नाताळच्या सुट्टीत कुर्गाला गेलो तो धाकट्या बहिणीच्या, शेवंताच्या आग्रहाने. तिचे यजमान, आमचे दाजी, अक्कलकोटचे. कानडी तोंडात घोळलेली, म्हणून तिकडे मिरीच्या मळ्यात कारकून झाले. जाणाऱ्यांनी होटगीला छोटी गाडी धरावी आणि गदग, हुबळी करत म्हैसूर गाठावं. पुढे मोटार. घाटात पोट ढवळतं, तेव्हा जरा जास्त पैसे गेले तरी पुढची जागा घ्यावी. कडक भाकरी आणि शेंगाचटणी शेवटपर्यंत टिकते.

आमच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ते जंगल खरंच वाटत नाही. खोडाखोडावर शेवाळ, दुपारीही अंधारून आलेलं. शेवंता खुशीत होती. यंदा मिरी नीट उतरली की दाजींना मोठं घर मिळणार होतं आणि अक्कलकोटला एकट्या राहणाऱ्या सासूबाईंना ती आणणार होती.

सकाळी परसात तोंड धुवायला गेलो, तर माडाखाली उंदीर उताणा पडलेला. सोलापुरात उंदीर पडला की घर सोडून माळावरच्या झोपडीत जायचं, हे मी लहानपणी भोगलंय. ‘प्लेग, प्लेग’ म्हणून बोंब ठोकली. मिरी तोडणाऱ्या बायाबापड्यांना तेवढा शब्द पुरला. पोरंबाळं, भांडीकुंडी उचलून माणसं रस्त्याला लागली.

दाजींनी काटकीने उंदीर हलवला. तांबूस पाठीत चपटे काटे, शेपटीला पांढरा झुबका. त्याने मिशा हलवल्या आणि झोकांड्या खात तो माडावर चढू लागला. वर आंबलेल्या माडीचं मडकं बांधलेलं होतं.

“पिऊन पडलंय, पावणं,” दाजी म्हणाले. “नेहमीचंच हाय त्याचं.”

ते माणसांमागे धावले. निम्मी परतलीच नाहीत. मिरी वेलावर पिकून गळाली, पाखरांनी खाल्ली. मालकाने दाजींना बंगल्यावर बोलावून सुनावलं. बोंब माझी होती, हे सांगायला मी गेलो नाही. दाजींनीही माझं नाव घेतलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

निघताना शेवंताने सासूबाईंसाठी मिरीची पुरचुंडी दिली. ती पोचवायला परवा अक्कलकोटला गेलो. काटेरी उंदराची गोष्ट रंगवून सांगितली, म्हातारी डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग भाकरी वाढता वाढता तिने विचारलं, “मला कवा न्यायला येतोय म्हनला?”

“पुढच्या साली,” मी म्हणालो, आणि मान खाली घालून जेवलो.