फोन आहे, पण वापरतं कोण?

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतक्या परक्या घरांत पाणी प्यालेला माणूस उभ्या नव्या मुंबईत दुसरा नसेल. ते सरकारच्या सर्वेक्षण खात्यात होते. खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत फॉर्मांचा गठ्ठा आणि पायांत वर्षातून दोनदा झिजणाऱ्या चपला, एवढ्या सामग्रीवर त्यांनी नेरूळपासून पनवेलपर्यंत दारं ठोठावली. कोणाच्या घरी किती माणसं, काय खातात, घरात काय काय वस्तू आहेत, हे विचारायचं आणि चौकोनात आकडा लिहायचा, हे त्यांचं काम. दार उघडणारा माणूस आधी संशयानं बघतो, मग पाणी विचारतो आणि मग घरातलं सगळं सांगून टाकतो, असा त्यांचा अनुभव. पाण्याच्या चवीवरून ते वस्ती ओळखत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा पेला अर्धा पिऊन म्हणाले, "टाकी धुतली नाही सोसायटीनं." ते खरं होतं.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. मी नुकतं लग्न होऊन नेरूळला आले होते आणि रबाळ्याच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच कुठून कुठून आलेले, कोण कोणाला काय विचारणार? काकांना तो संकोच नव्हता. जिन्यात भेटले तरी त्यांचं बोलणं फॉर्मच्या क्रमानंच चाले. माझा धाकटा दीर नोकरी शोधायला आमच्याकडे येऊन राहिला, तेव्हा एके दिवशी मला थांबवून म्हणाले, "तो एकाच चुलीवर जेवतो ना?" मी हो म्हटलं. "सहा महिने झाले?" "होत आले." "मग तो आता पाहुणा नाही. कुटुंबात धरायचा." मी हे घरी सांगितलं, तर दीर दोन दिवस खुशीत होता. लग्नाच्या पंगतीत ते शेजारच्या पानावरच्या माणसाला घरात पंखे किती, हे विचारत. उत्तर मिळाल्यावर त्यांचा चेहरा असा समाधानानं फुले, की समोरच्यालाही आपल्याकडे पंखे असल्याचा अभिमान वाटे.

त्या काळात फॉर्ममध्ये नव्या वस्तू येऊ लागल्या होत्या. टीव्ही जुना झाला होता, त्याला केबल जोडली आहे का, टेलिफोन आहे का, आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटर आहे का. 'आहे' असेल तर एक, 'नाही' असेल तर दोन. काका या एक-दोनवर फार चिडत. सारसोळ्यात एका म्हाताऱ्या कोळणीला त्यांनी विचारलं, "आजी, टीव्ही आहे?" ती म्हणाली, "हाय. पन तो सुनेचा हाय. मना कोन बगू देतंय?" आता इथे एक लिहायचं की दोन? काकांनी चौकोनात एक लिहिला आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'म्हातारीस बघू देत नाहीत.' वाशीला एका गृहस्थांकडे खराखुरा कॉम्प्युटर निघाला. त्यावर क्रोशाचं विणलेलं झाकण, झाकणावर दसऱ्याचं वाळलेलं झेंडूचं फूल. "चालू कोण करतं?" काकांनी विचारलं. "मुलगा." "तो कुठे आहे?" "हॉस्टेलला. दिवाळीत येतो." त्याच्या आईनं मग झाकण काढून दाखवलं, फडक्यानं पडदा पुसला आणि पुन्हा झाकून ठेवलं. काकांनी समासात लिहिलं, 'मुलाची वाट पाहतात.'

या समासांवरून साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. तो संवाद काकांनी मला दोन्ही आवाजांत करून दाखवला होता. साहेब म्हणाले, "समासातलं दिल्लीत कोण वाचणार? आकडा द्या." काका म्हणाले, "साहेब, घराला कान नसतात. फोन माणूस ऐकतो. घरात आहे म्हणजे घरातल्या प्रत्येकाला आहे, असं कसं धरायचं?" साहेबांनी त्यांना दोन महिने कळंबोलीच्या पलीकडे पायपिटीला पाठवलं. काका गेले आणि तिथूनही समास भरून आणले.

शेवटी एका वर्षी खात्यानं चाचणीसाठी एक नवं पान काढलं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं विचारायचं: फोन तुम्ही स्वतः लावता का, कधी लावलात, लावत नसाल तर का नाही. आणि नियम असा, की ज्याचं उत्तर त्यानंच द्यायचं, दुसऱ्यानं त्याच्या वतीनं बोलायचं नाही. हे पान आपल्यामुळेच निघालं अशी काकांची खात्री होती. नव्या मुलामुलींना ते पान शिकवायचं कामही त्यांच्याकडे आलं. त्या चाचणीच्या नमुन्यात आमची सोसायटी निघाली आणि सोसायटीतल्या निवडलेल्या घरांत काकांचंच घर निघालं.

आपल्या घराचा फॉर्म आपण भरायचा नसतो. म्हणून नागपूरहून नुकतीच बदलून आलेली एक मुलगी शनिवारी सकाळी आली. काकांनी हॉलमधला फोन ओल्या फडक्यानं पुसून ठेवला होता. काकूंनी मला वर बोलावून घेतलं. "ये गो बसायला, मला काय ते सरकारी बोलणं जमायचं नाही." काकू राजापूरकडच्या. बोलायच्या कमी, आणि बोलल्या तरी काकांचं संपल्यावर.

काकांनी आपली उत्तरं खणखणीत दिली. मग ती मुलगी काकूंकडे वळली आणि अवघडून म्हणाली, "सर, तुम्ही जरा आत..." काकांनाच हसू आलं. स्वतः शिकवलेला नियम. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

"काकू, फोन तुम्ही वापरता?"

"वाजला की उचलते. हे घरात नाहीत म्हणून सांगते, ठेवते."

"तुम्ही स्वतः कधी लावलाय?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "नाही."

गॅलरीतून आवाज आला, "असं कसं? बडोद्याला मुलीशी दर आठवड्याला बोलते की ती."

"सर, प्लीज," मुलगी म्हणाली.

काकू सावकाश म्हणाल्या, "हे लावतात, हेच बोलतात. शेवटी माझ्या हातात देतात. तोवर बोलायचं ते सगळं बोलून झालेलं असतं."

मुलीनं पुढचा प्रश्न वाचला. न लावण्याचं कारण: लावता येत नाही, गरज नाही, घरचे लावू देत नाहीत, इतर.

"लावता येतो. हे फिरवतात ते बघितलंय. गरज नाही असं पण नाही. आणि हे काही अडवत नाहीत गो, उगाच कशाला खोटं बोलू? इतर लिही."

"इतर म्हणजे काय, ते लिहावं लागतं काकू."

काकूंनी पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली. "लिही, तुला कोणाला करायचाय, असं कोणी विचारलं नाही."

मुलीनं लिहून घेतलं. चहा न घेता गेली. काका बराच वेळ गॅलरीतून आत आले नाहीत. मी उठले, तेव्हा ते दाराशी येऊन उभे होते. हयातभर लोकांना प्रश्न विचारलेला तो माणूस काकूंना म्हणाला, "कोणाला करायचाय?"

"माईला," काकू म्हणाल्या.

माई म्हणजे काकूंची धाकटी बहीण. राजापूरच्या पुढे एका गावात दिलेली. दोघींची चार वर्षांत गाठ नव्हती. पत्रं यायची, तीही माईचा नवरा लिहायचा, 'इकडील सर्व क्षेम' असली. तिच्या गावात फोन एकच, वाण्याच्या दुकानात. काकांनी लगेच आंतर्देशीय पत्र घेतलं आणि सर्वेक्षणाच्या सूचना लिहाव्यात तसं लिहिलं: रविवारी सकाळी दहाला दुकानात हजर राहावे, रिंग झाल्यावर स्वतः उचलावा, अन्य कोणी उचलू नये, लाइन न लागल्यास पुढील रविवारी पुन्हा यावे.

पहिल्या रविवारी लाइन लागलीच नाही. काकू साडेनऊपासून ठेवणीतलं लुगडं नेसून फोनपाशी बसल्या होत्या. बारा वाजता उठून भात टाकायला गेल्या.

पुढच्या रविवारी मी वर गेले होते. काकूंनी स्वतः आकडे फिरवले, एकेक आकडा मोठ्यानं म्हणत. पलीकडे रिंग वाजली, कोणीतरी उचलला. "माई?" काकू म्हणाल्या. आणि पुढे काहीच नाही. दोघीही गप्प. काका अस्वस्थ होऊन पुढे झाले, "बोल ना, बोल, कशी आहेस विचार..." काकूंनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. ते जागच्या जागी थांबले. मग पायांत चपला सरकवून दाराबाहेर गेले. मीही त्यांच्या मागून निघाले. दार ओढून घेताना काकूंचा आवाज कानावर पडला. "गाय व्याली गो?"

त्यानंतर तो रिवाजच पडला. महिन्यातून एका रविवारी, दहाच्या सुमाराला, काका पेपर घेऊन जिन्यात पायरीवर बसलेले दिसत. येणारा-जाणारा विचारी, "काय हो, चावी विसरलात?" ते "हो" म्हणून सोडून देत. पुढे दोन-तीन वर्षांनी ते निवृत्त झाले, फ्लॅट विकला आणि दोघं साताऱ्याला त्यांच्या मूळ गावी राहायला गेली. वर आता दुसरं कुटुंब आहे. त्यांच्या घरात किती माणसं, हे मला आजतागायत ठाऊक नाही.

ते इथे होते तेव्हाच्या एका रविवारी मी भाजी घेऊन वर चढत होते. काका पायरीवर होते. ते सरकले, मला जागा करून दिली, मी पिशवी ठेवून टेकले. तेवढ्यात दारामागून काकूंचं हसणं ऐकू आलं. मोठं, भरभरून, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुरू झालेलं. एवढी वर्षं खाली राहून मी ते कधी ऐकलं नव्हतं. काकांनी पेपर गुडघ्यावर ठेवला आणि चष्मा काढून पुसत राहिले.

"लग्नाआधी अशी हसत असणार," ते म्हणाले.