आधी आई, मग बाप

“आधी आई लिवायची, मंग बाप.” कानामागची पेन्सिल काढत मामा हेच म्हणायचे.

राहुरीजवळच्या एका बियाण्याच्या फार्मवर आम्ही ज्वारीचे संकर करायचो. कणसातले परागकोश चिमट्याने काढायचे, दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे, वर कागदी पिशवी घालायची आणि दांड्याला लेबल बांधायचं: आईचं नाव, फुली, बापाचं नाव. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. मामा, म्हणजे फार्मवरचे सगळ्यात जुने कामगार, ज्यांना सगळेच मामा म्हणत, ते सातवी. पण माझं लेबल उलटं गेलं की सगळ्यांसमोर ऐकवायचे, “काय बीएस्सी, बाप बाळंत व्हतो व्हय तुमच्यात?”

असा न चुकणारा माणूस तुमच्याही कामावर असेल. म्हणूनच एका सकाळी मामांनी ओळीतल्या वेगवेगळ्या संकरांना एकाच जोडीचं लेबल बांधलं, तेव्हा आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

“माझ्या आईचं असंच सुरू झाल्तं,” म्हणाले. आई पन्नाशीच्या आतच पोरांना विसरली होती. मग थोरला भाऊ. आता हे, शेहेचाळिसाव्या वर्षी.

पुण्याला मीच नेलं. अल्झायमर निघाला. डॉक्टरांचं बोलणं मी परतीच्या एसटीत समजावून सांगितलं. मेंदूत एक प्रथिन साचून चिकट गोळे होतात, दुसरं पेशींच्या आत गुंता करतं. बहुतेकांना हे म्हातारपणी होतं, त्यात जनुकांचा वाटा थोडा. तुमच्या घरात मात्र एकच बिघडलेलं जनुक सरळ खाली येतंय.

“आईकडनं.”

“हो.”

“पोरीला?”

“निम्मी शक्यता.”

निम्मं म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. सुप्याचा थांबा आला. मग म्हणाले, “तिला सांगू नका, बीएस्सी. सोयरीक बघतोय.”

मी सांगितलं नाही. तीच आली. आजी, चुलता, बाप. तिने जुळवलं होतं.

“दादा, माझी तपासणी होते ना?”

“होते.”

“निघालं, तर थांबवायचं औषध?”

कॉलेजात आनुवंशिकतेत माझा वर्गात पहिला नंबर होता. “नाही,” म्हणालो.

“मग राहू द्या.” जुळत आलेली सोयरीकही तिनेच मोडली.

परवा गेलो होतो. मामा अंगणात खाटेवर बसलेले. मला ओळखलं नाही. मी खिशातलं कोरं लेबल आणि पेन्सिल हातात दिली, तशी बोटं जागी झाली. त्यांनी मधोमध फुली मारली.

“आई?” पोरीकडे बघून विचारलं. तिने आईचं नाव सांगितलं. ते वळणदार अक्षरात लिहिलं.

“बाप?”

“अप्पा, तुम्हीच की.”

“नाव सांग, बाई. काम खोळंबलंय.”

तिने सांगितलं. स्वतःचं नाव त्यांनी परक्या वाणासारखं नीट लिहिलं, दोरा ओवला आणि लेबल तिच्या मनगटाला बांधलं. गाठ ओढून पाहिली.

“पिकंपातूर सोडू नको,” म्हणाले.

तिने सोडलं नाही.