बस्त्याच्या गादीवरून उठवलेल्या यशोदाबाई

दिनांक १७ एप्रिल २०२५. ऐन लग्नसराईत, वर्ध्याच्या बाजारातील एका कापड दुकानात, वीस वर्षे बस्त्याच्या गादीवर बसणाऱ्या यशोदाबाईंना उठवून फॉल-पिकोच्या टेबलाशी बसवण्यात आले. कारण देण्यात आले नाही. दुसऱ्या कोणी ही गोष्ट नोंदवलेली नाही, म्हणून येथे नोंदवली आहे.

यशोदाबाई वर्ध्यालगतच्या पिपरी मेघे गावच्या. तोंडाने फटकळ, मनाने संशयी. दुकानातली बाकीची अकरा माणसे आठवड्यापासून आपल्याला पाहून बोलणे थांबवतात, हे त्यांनी कधीच हेरले होते. चहाचा पेला आता सर्वांत शेवटी येई. पाण्याच्या कूलरवर नवा कॅमेरा लागला, तेव्हा त्या किसनरावांना म्हणाल्या, "कूलर कोनी चोरून नेनार हाये का?" सुरतेहून माल निवडून आणणारे किसनराव नुसतेच हसले. ते हसणेही बाईंना आवडले नाही.

बस्त्याला दोन्हीकडची माणसे एकाच गादीवर बसतात, आणि मनातले कोणीच बोलत नाही. विहिणीने उचललेला शालू भडक आहे, हे नवरीच्या आईला तिच्यासमोर म्हणता येत नाही. साड्यांचा ढीग वाढतो, चेहरे आक्रसतात. अशा वेळी यशोदाबाई नवरीच्या आईला म्हणत, "चाला ताई, पानी घ्या." कूलरपाशी कानात विचारत, "पोरीले खरं काय आवडलं?" मग परत येऊन, सहज हाताला लागल्यासारखा, नेमका तो शालू ओढत. दोन्हीकडच्यांना वाटे, निवड आपलीच. त्या पोरींच्या धाकट्या बहिणींचेही बस्ते याच दुकानात बांधले जात. बायका आधी फोन करून विचारत, "मावशी, तुमी दुकानात हाये ना?"

मालक देवेंद्र. वडिलांच्या मागे दुकान हाती आले, तसा तो केबिनमध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसू लागला. दर बस्त्याला एक बाई उठते, कूलरपाशी जाते, यशोदाबाई तिच्या कानाला लागतात, एवढे त्याला दिसे. कॅमेऱ्यात आवाज येत नसे. तो त्याने आपल्या मनाने भरला. ही बाई आपली गिऱ्हाइके दुसऱ्या दुकानात धाडते, असे त्याने ठरवून टाकले.

बाईंना उठवल्यावर चौथ्या दिवशी केळझरची मंडळी आली. "मावशी कुठी हाये?" नवरीच्या आत्याने विचारले.

"सुट्टीवर," देवेंद्र म्हणाला. पिकोच्या यंत्रामागून यशोदाबाईंनी ते ऐकले.

गादीवर नवी मुलगी होती. तिने दुकानातला निम्मा माल उलगडला. मानपानाच्या साड्यांवरून दोन्ही विहिणींचे वाजले, आणि मंडळी काहीही न घेता जीपमध्ये बसली.

आता तरी याचे डोळे उघडतील, असे बाईंना वाटले. तो सरळ टेबलाशी आला.

"पाह्यलं? आल्याबरोबर तुमालेच इचारते! माह्या दुकानाचं गिऱ्हाईक तुमी फोडून ठेवलं."

"त्यायचा बस्ता काऊन मोडला, ते तं इचारा!"

किसनराव मध्ये पडले. "देवेंद्रबाबू, माल मी आनतो, खपवते ही. बाकीचे घड्या घालते. खरं हाये ते सांगतो."

"म्हंजे तुमी दोघं मिळून नवीन दुकान टाकून राह्यले!"

 किसनराव आपल्या बाजूने बोलले की स्वतःची जागा पक्की करत होते, हे यशोदाबाईंना अजून उमगलेले नाही.

देवेंद्रने हात पुढे केला. "मोबाईल दाखवा. कोनाकोनाशी बोलता ते पाहू द्या. मंग बसा गादीवर."

बाईंना गादी हवी होती. तिच्याशिवाय त्यांना दुसरे काही येत नव्हते, हेही खरे. पण त्या फोनवर कोणाच्या लेकीला कोणते स्थळ मनातून नको होते, कोणत्या सुनेने सासूला चोरून कोणती साडी बाजूला ठेवायला सांगितली होती, ते सगळे होते.

"देवेंद्रभाऊ, हे वाचून दाखवलं असतं, तं वीस वर्सं बाया माह्याजवळ आल्या असत्या का?" त्या म्हणाल्या, आणि चपला घालून बाहेर पडल्या. देवेंद्रने त्यांच्या निघून जाण्याची गणनाही पुराव्यात केली. तिसऱ्या आठवड्यात किसनरावही नोकरी सोडून गेले. दुकानावर पाटी आहे, दिवे आहेत, दहा माणसे आहेत. गादी बहुधा रिकामी असते.

वाचकहो, तुमच्या घरी लग्न ठरले असेल, तर बस्त्याला निघण्यापूर्वी दुकानदाराला स्पष्ट विचारा: गादीवर कोण बसणार, आणि त्या व्यक्तीला तुम्ही कसे वागवता? उत्तर मिळाले नाही, तर तेथे बस्ता बांधू नका.