उपदेशपीठावरून उतरलेले पाळक

बातमी आली तेव्हा मी आमच्या शाळेच्या मंडपात बसलो होतो आणि नव्या राज्याचे एक मंत्री आम्हाला सेवेचं महत्त्व समजावून सांगत होते. गळ्यात इतके हार होते की भाषण तोंडातून येतंय की झेंडूतून, कळत नव्हतं. शिपायाने मागून येऊन कानाशी सांगितलं, "मास्टरसाब, शिंदे पादरी गए." मी उठलो तसे मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. भास्करराव शिंदे माझ्या जागी असते तर त्यांना ते वटारलेले डोळे दिसलेही नसते...

त्याला आता काही आठवडे झाले. उज्जैनच्या एका हिंदी वर्तमानपत्राने त्यांना 'प्रखर वक्ता' म्हटलं. शोकसभेत 'ओजस्वी वाणी' हे शब्द इतक्यांदा आले की मला फोटोकडे बघवेना. तेव्हापासून मी बेचैन आहे. आपल्याला बोलता येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर ज्याने आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय घेतला, त्याला मेल्यावर आपण वक्ता करून टाकलं.

ते नगरकडचे. इथल्या मिशनच्या दवाखान्यात रोग्यांना भेटण्याच्या कामावर आले होते. माझी आई तिथे शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा आमची ओळख झाली. ते यायचे, स्टुलावर बसायचे आणि काही म्हणजे काही बोलायचे नाहीत. मला वाटलं, धर्मांतराची तयारी चाललीय. मी पहाऱ्याला बसलो. पण आई, जी ख्रिस्त्याच्या हातचं पाणीही घेत नव्हती, दुपार झाली की विचारायची, "तो मुका आला नाही का रे अजून?" पुढे आमची गट्टी जमली. आमचे पूर्वज इथल्या संस्थानिकांच्या, म्हणजे शिंदेशाहीच्या, दफ्तरात कारकून होते हे कळल्यापासून ते माझ्या माधवनगरच्या घरी येऊन खुर्चीत बसत आणि म्हणत, "नाना, संस्थान विलीन झालं तरी शिंदे सरकारला चहा मिळायला हवा."

स्वातंत्र्यानंतर गोरे पाळक मायदेशी गेले आणि इथल्या ख्रिस्ती मंडळीचा कारभार तिच्यातल्याच पंचांच्या हाती आला. त्यांनी तेच केलं जे आपल्याकडे सगळीकडे करतात. जो माणूस एक काम उत्तम करतो त्याला त्या कामावरून उचलून वर बसवायचं. भास्कररावांना पाळक नेमलं. समारंभ झाला, बँड वाजला, आंब्याची झाडं असलेला बंगला मिळाला. आणि दर रविवारी उपदेशपीठावर उभं राहणं आलं.

मी एकदा मुद्दाम ऐकायला गेलो. देवावर माझा विश्वास नाही, पण त्या दिवशी मी त्याला मनातल्या मनात विनवलं की या माणसाला पुढचं वाक्य सुचू दे. ते वाक्याच्या मध्येच थांबत आणि समोरच्या एखाद्या म्हाताऱ्याकडे पाहत राहत, जणू खाली उतरून त्याच्याशेजारी जाऊन बसावं असंच त्यांना वाटत होतं. शेवटच्या बाकावर दोघे घोरत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "कसं झालं?"

"दोघांची झोप चांगली झाली."

"गेल्या वेळी चौघांची झाली होती," ते म्हणाले. हसले नाहीत.

त्यांच्या धर्मात कृपादान असा एक शब्द आहे. मंडळीच्या सेवेसाठी देव प्रत्येकाला निरनिराळी देणगी देतो: कुणाला शिकवण्याची, कुणाला कारभाराची, कुणाला धीर देण्याची. हे त्यांनीच मला समजावलं आणि वर विचारलं, "पण आपलं कुठलं हे माणसाने ओळखायचं कसं? जे जमत नाही ते आपलं नाही, असं म्हणणं फार सोयीचं आहे हो."

मग इसहाक गेला. चर्चच्या बागेचा म्हातारा माळी. दवाखान्यातून दोनदा निरोप आला की तो पाळकांना बोलावतोय. ते रविवारच्या उपदेशाची तयारी करत होते. संपवून निघू म्हणाले. पोचले तेव्हा खाट रिकामी होती. "विषय काय होता माहीत आहे?" त्यांनी मला विचारलं. "सांत्वन."

पुढच्या रविवारी ते पीठावर चढले आणि म्हणाले, बोलण्याचं दान मला नाही, नथानिएल मास्तरांना आहे. ते बोलतील, मी भेटायला जाईन. नथानिएल मास्तर म्हणजे सोन्याची जीभ. फक्त दवाखान्यातल्या फिनेलच्या वासाने त्यांना भोवळ यायची. एक पंच ताडकन उठले, "पादरी साहब, पादरी नीचे नहीं उतरता!" भास्करराव पायऱ्या उतरत म्हणाले, "तो मुझे नीचे बैठने दीजिए."

बंगला सुटला. सुशीलाबाई, त्यांच्या पत्नी, माझ्यासमोरच म्हणाल्या, "यांना बसायचं दान आहे, कबूल. मला बंगल्यात राहायचं होतं, त्याचं काय करू?" भैरवगढ़ला कापडावर ठसे छापणाऱ्या छिप्यांच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. दारासमोर छापलेली कापडं वाळत. तिथून ते रोज सायकलने दवाखान्यात आणि मग ज्याच्या घरी दुखणं असेल तिथे जात. ख्रिस्ती असो, छिपा असो, नाहीतर माझ्यासारखा कुठलाच नसो.

शांत झाले असं लिहायला मला आवडलं असतं. ते झाले नाहीत. संध्याकाळी येत, खुर्चीत बसत, उठत, खिडकीशी जात. "नाना, खरं सांगा. मी ओळखलं, की पळालो?"

"शिंदे सरकार, मी देव मानत नाही. निकाल माझ्याकडे मागू नका."

"म्हणून तर तुमच्याकडे मागतो. बाकीचे लगेच त्याचं नाव घेऊन मोकळे होतात. आणि सुशीला... ती तक्रार करत नाही, पण आंब्याचे दिवस आले की बंगल्याच्या रस्त्याने जात नाही."

आमच्या मध्यभारत राज्याला तेव्हा दोन राजधान्या होत्या, हिवाळ्याची एक आणि उन्हाळ्याची एक. मग मध्यभारतच नव्या राज्यात विरला आणि राजधानी भोपाळला गेली. मी म्हणालो, "आपली जागा कुठली हे सरकारलाही एका दमात कळलं नाही."

"पण सरकारला झोप लागते," ते म्हणाले.

परवा मी सुशीलाबाईंकडे गेलो. नथानिएल मास्तर नुकतेच प्रार्थना करून गेले होते. प्रार्थना सुंदर झाली असणार. त्या म्हणाल्या, "सगळे बोलून गेले हो. बसलं कुणीच नाही."

म्हणून मी बसलो. बाहेर कापड धुतल्याचे धपके ऐकू येत होते. मी घड्याळ पाहिलं. पाय हलवले. खाकरलो. जन्मभर वर्गात बोलण्याचाच पगार घेतलेला माणूस मी, शेवटी राहवेना आणि म्हणालो, "भास्करराव म्हणजे..."

त्यांनी हात वर केला. "नाना, राहू द्या. हे तुमचं काम नाही." मग त्याच आवाजात म्हणाल्या, "ते त्यांचंच होतं. त्यांनी बरोबर ओळखलं होतं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी तटकन उठलो. हे आत्ताच्या आत्ता जाऊन सांगायला हवं होतं. कुणाला, ते लक्षात येईपर्यंत मी चपला घालून उंबऱ्याबाहेर आलो होतो.