मीटरभाऊंना न लागलेली गोळी

मीटरभाऊंवर आम्ही अन्याय केला. मी आणि त्यांच्या डॉक्टरांनी मिळून. ते खरं सांगत होते आणि आम्ही त्यांना खोटं ठरवलं.

बहारीनमध्ये, मुहर्रक गावातल्या माझ्या एसी दुरुस्तीच्या दुकानात ते नऊ वर्षं मेकॅनिक होते. मूळचे नागपूरचे. स्वतः बंद केलेल्या लाइनलाही मीटर लावल्याशिवाय हात लावायचे नाहीत, म्हणून नाव पडलं मीटरभाऊ. "अंदाजानं माणूस मरते, शेठ," म्हणायचे. गिऱ्हाईक 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, लवकर, करू लागलं की शिडीवरूनच उत्तर, "यल्ला म्हणून करंट थांबत नाही." मी तासभर घासाघीस करून मिळवलेलं काम ते "कॉम्प्रेसर चांगला हाय, बदलू नका" म्हणून घालवायचे. मी शिव्या द्यायचो, ते चहा पुढे करायचे.

मग त्यांचं बोलणं थांबलं. डबा भरलेलाच परत जाऊ लागला. मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहिली. भाऊंनी तिथेच सांगितलं, "माह्या बहिणीले ही गोळी लागू पडली नव्हती." डॉक्टर म्हणाले, "बहिणीचं राहू द्या, तुम्ही नेमाने घ्या." बहिणीबद्दल कागदावर एक अक्षर लिहिलं नाही.

तीन महिने झाले, डोस वाढला, फरक शून्य. डॉक्टर मला म्हणाले, "घेतच नसणार." मी भडकलो. रोज सकाळी दुकानात सगळ्यांसमोर गोळी गिळायला लावली, जीभ उचलून दाखवायला लावली. तरी काही होईना, तेव्हा म्हणालो, "मागे जाऊन थुंकता तुम्ही."

"काऊन खोटं बोलू, बाप्पा? माह्या रक्तालेच मीटर लावा ना."

मी हसलो.

शिडीवर त्यांचे हात थरथरू लागले. मी व्हिसा रद्द करून घरी पाठवलं. विमानतळावर म्हणालो, "बरे होऊन या." ते खाली बघत आत गेले.

नागपूरच्या डॉक्टरांनी बहिणीची हकीकत ऐकली आणि दोघांचं रक्त तपासलं. दोघांचं शरीर ती गोळी इतकी भराभर मोडतं, की रक्तात पुरेशी उरतच नाही. जन्मजात फरक, आईबापांकडून आलेला. दुसरी गोळी दिली. बहीण सावरली.

भाऊ ती हातातही घेत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. काल बहीण फोनवर रडत होती. "भाऊ म्हणते, घेतली तरी नाही घेतली म्हणतात, मंग काऊन घेऊ?"

मी पाच वेळा माफी मागितली. ते फोन कानाला लावत नाहीत. मला उत्तर देण्यापुरतीही किंमत उरली नाही, आणि ते रास्तच आहे. पण सगळं कळूनही इथले डॉक्टर अजून गप्प का? त्यांनी स्वतः नागपूरला फोन लावावा आणि भाऊंना सांगावं, तुम्ही खरं बोलत होतात, मी ऐकलं नाही. आजच सांगावं. उद्यापर्यंत भाऊ राहतील याची हमी कोण देतंय?