मृदंगवालीची चोरी

नोकरीत शेकडो गुन्ह्यांचे तपास केले. त्यातले बरेचसे आता आठवतही नाहीत. हा एक मात्र विसरता आलेला नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. पहूरहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. हद्दीत काळ्या दगडाच्या खाणीवर वाढलेले एक गाव होते. खाण बंद पडली तशी माणसे भुसावळला कामाला जाऊ लागली. मागे उरले जुने दगडी मंदिर आणि शेजारची सराई. पुढे लेणी पाहायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या तिथे थांबू लागल्या, दोन-चार दुकाने आली, गावात पुन्हा जीव आला. लोक थांबत ते मुख्यतः बाहेरच्या कोनाड्यातली मृदंग वाजवणारी स्त्री पाहायला. गावात तिला मृदंगवालीच म्हणत.

एका सकाळी तो कोनाडा रिकामा दिसला.

पंचनाम्याला गेलो तर दगडाचा टवकाही उडालेला नव्हता. सांध्यातला चुना कोरून मूर्ती अलगद काढली होती. दुपारी गावातला एक दुकानदार ठाण्यात आला. खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, माझं नाव येऊ देऊ नका. सव्वादोन फुटांची मूर्ती अशी अख्खी काढणारा गावात एकच माणूस आहे. पाथरवट आबा."

आबा सत्तरीचे. तरुणपणी धुळ्याकडून खाणीवर आलेले. आता मंदिराची झाडलोट करत आणि आल्यागेल्याला मूर्ती दाखवत. त्यांनी पहिल्याच प्रश्नाला कबुली दिली.

"मीच काढी शे, साहेब."

"कुठे ठेवलीय?"

"ते नाही सांगणार."

घराची झडती घेतली, काही मिळाले नाही. दोन दिवस त्यांना सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवले. दुसऱ्या दिवशी हवालदाराने त्यांच्या थोबाडीत मारली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. आबांनी फक्त गाल चोळला.

तिसऱ्या दिवशी मी थकून विचारले, "आबा, इतकी वर्षं तिची धूळ पुसलीत. मग काढलीत का?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "दोन माणसं गाडी घेऊन आली होती. बाकीचे फोटो काढतात. यांनी टेप लावून फक्त तिचीच मापं घेतली. उंची, रुंदी, जाडी. दगड उचलून न्यायचा असला की अशी मापं घेतात, साहेब. गावात सांगितलं, तर लहान-थोर बठ्ठे हसले."

"आमच्याकडे यायचं."

"आलो होतो. दारातूनच परत पाठवलं."

मी वही पुढे ओढली. मग विचारले, "त्यांच्याबरोबर गावातलं कोणी होतं?"

"एक जण होता. पाठमोरा. मला आता लांबचं दिसत नाही."

उंची हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. मूर्ती नाहीशी झालेली, त्यामुळे माझ्या पंचनाम्यात तिचे माप नव्हते. कोनाडा तर चांगला चार फुटांचा. नजरेने पाहणारा दोन-अडीच म्हणेल; सव्वादोन फूट हा नेमका आकडा दुकानदाराने कुठून आणला? त्याला बोलावून एवढेच विचारले. तो आधी उत्तरे बदलत राहिला, मग त्याने सगळे कबूल केले. मूर्ती काढून द्यायचे त्यानेच ठरवले होते. त्याच्या आधी आबांनी ती हलवली, म्हणून तो आमच्या हातून तिचा शोध घेत होता. मापे घेऊन गेलेल्या त्या दोघांना भुसावळच्या एका लॉजवर पकडले. खोलीत मूर्तीचे फोटो आणि तिच्या मापाची लाकडी पेटी मिळाली.

आबा आम्हाला बंद खाणीत घेऊन गेले. खडीखाली, स्वतःच्या धोतरात गुंडाळून ठेवलेली मृदंगवाली त्यांनी हातांनी उकरून काढली. बोटाचा कंगोराही दुखावला नव्हता. मी त्यांना साक्षीदार केले. मूर्ती मात्र मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या खोलीत गेली. खटला संपेपर्यंत ती परत देता येत नव्हती.

आबा प्रत्येक तारखेला येत आणि तिला पाहू द्या म्हणत. खोलीत जप्त सायकली आणि मोडकी भांडी यांच्यात ती भिंतीला टेकून उभी असे. आबा उपरण्याने तिचा चेहरा पुसत. एकदा म्हणाले, "तुम्ही विचारलंत म्हणून मी सांगितलं, साहेब. नसतं सांगितलं तर ती खाणीत मोकळी राहिली असती."

माझी बदली झाली. निकाल लागला तेव्हा आबा नव्हते, आणि मूर्ती कोनाड्यात बसवू शकेल असा हातही गावात उरला नव्हता. ती संग्रहालयात गेली.

आरोपींना शिक्षा झाली, मला शाबासकीचे पत्र मिळाले. पण चोरी होणार हे एकट्या माणसाने आधी ओळखले होते, ते सांगायला तो पायी आमच्या दाराशी आला होता, आणि आम्ही त्याला आत घेतले नव्हते. त्यानंतर तीन ठाण्यांचा कारभार सांभाळला. प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी ठाणे अंमलदाराला सांगत असे की आलेल्या माणसाला आधी आत बसवा, त्याचे काम काय ते नंतर विचारा.